तोंडानं विचारायचा प्रश्न

संपादकांनी फोनवर फर्माईश केली, "मॅडम, दिवाळीचा अंक आहे, नोकरीतले दोन-चार गमतीदार किस्से लिहा." किस्से माझ्याकडे पोत्यानं आहेत. सलाईन लावल्याशिवाय उठणारच नाही म्हणून माझ्या टेबलासमोर फतकल मारून बसलेले एक गृहस्थ आहेत. माझंच तोंड सुकलेलं पाहून मला तासभर समजावून गेलेली एक म्हातारी आहे. पण लिहायला बसले की हात दुसरीकडेच जातो, त्याला मी काय करू? एक कागद आहे. त्यावर माझी सही आहे आणि खाली माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘सध्या काळजीचं कारण नाही.’ ते लिहिल्यानंतर एकविसाव्या दिवशी मला एक फोन आला. त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला दुसरं काही सुचायचं नाही, तेव्हा संपादकांनी रागावू नये.

मी समुपदेशक होते. ऑफिस यवतमाळला, आणि दर बुधवारी तालुक्याच्या दवाखान्यात. लोक मला ‘पागलांची मॅडम’ म्हणायचे. आमचा कारकून गजभिये त्याच्याही पुढचा. नवीन माणूस आला की तो माझ्या खोलीकडे बोट दाखवून सांगायचा, "त्या मॅडमले गोष्टी करायचा पगार भेटते." पहिली काही वर्षं मी त्याच्याशी भांडले. मग सोडून दिलं, कारण तो खोटं बोलत नव्हता. गोळ्या देणारे डॉक्टर वेगळे. माझ्याकडे सुई नाही, औषध नाही, गळ्यात नळीसुद्धा नाही.

आमच्याकडे डिप्रेशन झालेला माणूस ‘मी उदास आहे’ असं कधीच म्हणत नाही. तो म्हणतो डोकं जड आहे, हातपाय गळून राह्यले, जेवण गोड लागत नाही. सोबत आलेला नवरा किंवा भाऊ वरून मला विचारतो, "मॅडम, हिले कमी काय आहे? घर आहे, दार आहे, नवरा पेत नाही." या प्रश्नाचा मला भयंकर राग आहे. विहिरीत पाणी असतं, मोटर सुरू असते, पण पाइपाच्या बुडाशी असलेला फूटव्हॉल्व्ह गेला की पाणी वर चढत नाही. म्हणून कोणी विहिरीला ‘तुला कमी काय आहे’ असं विचारतं का?

माझ्या खोलीत ‘सगळं ठीक होईल’ हे वाक्य बंद होतं. सल्ले देणंही बंद. सल्ला तर पानठेल्यावर फुकट मिळतो. मी काय करायचे ते आमच्या रशीदभाईंवरून सांगते. हे फुलसावंगीकडच्या एका गावातले शिंपी. चार महिने मशीनवर चादर टाकून बसले होते. लोकांचे कपडे तसेच पडून, गिऱ्हाईक शिव्या देऊन जायचं. मी त्यांना पहिल्या आठवड्यात एवढंच सांगितलं की रोज एक बटन लावायचं, जास्त नाही. ते भडकले. "मी पंचवीस वर्षांचा कारागीर, मले बटन लावायले सांगता?" मी म्हटलं, एकही लावून दाखवा. पुढच्या बुधवारी आले ते सहा बटनं लावून, आणि माझ्यावर रागावूनच. या आजारात मन लागेल तेव्हा हात चालवू म्हटलं तर हात कधीच चालत नाहीत. आधी हात हलवायचे, मन मागून येतं. दुसरं काम थोडं अवघड. आजार माणसाच्याच आवाजात त्याच्या कानात बोलतो, ‘तू बेकार आहेस, तू घरावर ओझं आहेस.’ ते बोलणं धरून टेबलावर ठेवायचं आणि दोघांनी मिळून तपासायचं, हे खरं आहे का, कशावरून खरं आहे. डॉक्टरांच्या गोळ्या आणि आमच्या या गोष्टी, असं मिळून रशीदभाई सहा महिन्यांत उभे राहिले. माझ्या नोकरीचा अभिमान तो एवढाच.

रशीदभाईंना माझ्यापर्यंत आणलं होतं सुनंदानं, त्यांच्या गावच्या आशा ताईनं. नाव मी बदललंय. हा लेख तिनं छापायच्या आधी वाचला आहे आणि ‘छापा’ म्हणून सांगितलं आहे. तिच्या नवऱ्याची, प्रकाशची, पिठाची चक्की. दोन पोरं शाळेत. रविवारी बुद्धविहारात बायका जमल्या की वंदनेला हिचा आवाज सगळ्यात आधी.

आशांना आम्ही एक कागद शिकवला होता. त्यावर नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी आहे, भूक कशी आहे, कामात जीव लागतो का, असे. प्रत्येक उत्तराला गुण, आणि बेरीज एका आकड्याच्या वर गेली की त्या माणसाला माझ्याकडे पाठवायचं. नववा प्रश्न मरणाचा. मरून जावं असं वाटतं का, जिवाचं काही करून घ्यावं असं मनात येतं का? त्याचं उत्तर ‘हो’ आलं तर बेरीज-बिरीज पाहायची नाही, तिथूनच मला फोन लावायचा. प्रशिक्षणात सगळ्या जणी या प्रश्नाला अडल्या. असं कसं विचारायचं जी, विचारल्यानं उलट डोक्यात भरेल, म्हणू लागल्या. मी समजावलं की विचारल्यानं ते कोणाच्या डोक्यात शिरत नाही. आत असलं तर त्याला बाहेर यायला वाट मिळते. आणि एक नियम फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला: कागद आपल्यासाठी, प्रश्न तोंडानं. समोरच्याच्या हातात कागद द्यायचा नाही. सगळ्या गप्प बसल्या तेव्हा मागून सुनंदा म्हणाली, "मी विचारतो, मॅडम." आणि तिनं विचारलंही, दोन वर्षं, घरोघर.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी तिच्या गावात रंजना नावाची मुलगी गेली. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. लेकरू दीड महिन्याचं असताना तिनं जीव दिला. आठ दिवस आधीच सुनंदा घरभेटीला जाऊन नऊ प्रश्न विचारून आली होती. तेव्हा खोलीत रंजनाची आई होती, मावशी होती, शेजारची एक बाई शेगडी पेटवून देत होती. सगळ्यांच्या देखत रंजनानं प्रत्येक प्रश्नाला ‘नाही’ म्हटलं, नवव्यालाही. आमच्याकडे बाळंतिणीला एकटी सोडत नाहीत, ही रीतच आहे, आणि सुनंदाला त्या बायकांना ‘बाहेर जा’ म्हणायचं सुचलं नाही. कोणाला सुचलं असतं?

सुनंदानं मला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज सपाट होता. मी म्हटलं, तू तुझं काम केलं होतंस, मनाला लावून घेऊ नको, सगळं ठीक होईल. माझ्या खोलीत बंद असलेलं वाक्य मी फोनवर वापरलं आणि दुसरी फाईल उघडली.

पुढच्या चार महिन्यांत ती चार-पाच वेळा पेशंट घेऊन आली. डोळ्यांखाली काळं आलं होतं. एकदा तर स्वतः आणलेल्या बाईचंच नाव तिला आठवेना. मी विचारलं, बरं आहे ना तुझं? ती हसून म्हणाली, थकवा आहे. एका बुधवारी बाहेर तीस माणसं बसलेली, चहा समोर आलेला. मी ड्रॉवरमधून तो कागद काढला आणि तिच्यापुढे सरकवला. हे भर गं, तुझंही होऊन जाऊ दे.

माझा चहा संपेपर्यंत तिनं भरून दिला. मी बेरीज पाहिली. हद्दीच्या दोन गुण खाली. नवव्यापुढे ‘अजिबात नाही’. मी म्हटलं, पास झालीस. शेरा लिहिला, सही केली, आणि पुढच्याला आत बोलावलं.

किती आकड्यावर माणूस पुढे पाठवायचा, हे तिला कोणी शिकवलं होतं? मीच.

एकविसाव्या दिवशी मी यवतमाळला होते. सकाळचे अकरा वाजले असतील. रशीदभाईंचा फोन आला. एरवी फोनवर आधी तब्येतपाणी विचारणारा माणूस, त्या दिवशी एकदम मुद्द्यावर. सुनंदाताई आत्ताच दुकानात येऊन गेल्या म्हणाले. रशीदभाईंच्या दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम देऊन गेल्या. तालुक्याला कोणत्या एसटीनं जायचं, दवाखान्यात कोणत्या खिडकीवर उभं राहायचं, हे कागदावर लिहून दिलं. यापुढे बाजूच्या गावची आशा तुमच्याकडे पाहील म्हणाल्या. यांनी विचारलं, कुठं चालल्या ताई? तर नुसत्या हसल्या.

"मॅडम, ते हसणं मी ओळखतो," रशीदभाई म्हणाले. "मी बी तसाच हसत होतो."

सुनंदाला फोन लावला, उचलला नाही. परत लावला, नाहीच. प्रकाश चक्कीचा पट्टा आणायला पुसदला गेलेला. पोरं शाळेत. माझ्या आणि तिच्यामध्ये अडीच तासांचा रस्ता. मी पुन्हा रशीदभाईंना लावला. बायकोला सोबत घ्या आणि या क्षणी तिच्या घरी जा, म्हटलं. तिथं जाऊन काय बोलू, ते विचारू लागले. मी म्हटलं, नववा प्रश्न विचारा.

"मी शिंपी माणूस, मॅडम. बाईमाणसाले असं कसं विचारू?"

"तिनं तुम्हाला कुठं बसून विचारला होता?"

"दुकानात. माह्या मशीनच्या बाजूले, खाली बसून."

"मग तसंच बाजूला बसा आणि विचारा. फोन सुरू ठेवा."

ऑफिसची जीप दौऱ्यावर होती. मी पर्स घेऊन पायऱ्या उतरत होते तेव्हा गजभियेनं माझा चेहरा पाहिला. काहीही न विचारता त्यानं स्वतःच्या गाडीची चावी काढली. गोष्टी करायच्या पगारावर टोमणे मारणारा हा माणूस त्या दिवशी अशी गाडी हाणत होता की एरवी मी त्याला शिव्या दिल्या असत्या. आर्णीच्या अलीकडे फोन कट झाला. रेंज गेली ती येईचना. किती वेळ गेला ते मी घड्याळात पाहिलं नाही. पाहायची हिंमत नव्हती. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, तो कागद सरकवणारा माझा हात. तीस वर्षं लोकांना शिकवलं की मनातलं बोलणं तपासा. त्या रस्त्यावर मला माझं एक वाक्यसुद्धा तपासता येत नव्हतं. रडू येत होतं आणि स्वतःचा संताप येत होता, दोन्ही एकदम.

आर्णी गाठली आणि फोन वाजला. रशीदभाई हळू आवाजात बोलत होते. दार लोटलेलं होतं, ताई आत बसल्या होत्या, आम्ही दोघं बाजूला बसलो, मी विचारलं.

"काय म्हणाली?"

"हो म्हणाल्या."

त्यांच्या बायकोनं तिचा हात धरून ठेवला होता. मी म्हटलं, तिला फोन द्या. ती बोलली ती तक्रार नसलेल्या आवाजात.

"तुम्ही कागद देला, मॅडम. विचारलं नाही."

सबबी माझ्याकडे होत्या. बाहेर तीस माणसं होती, चहा होता, तिचं ते हसणं होतं. एकही तोंडातून निघाली नाही.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "आता विचारते. सुनंदा, मरून जावं असं वाटून राह्यलं का?"

"हो."

"आज?"

"हो, मॅडम. आजच."

मी तिला तिथंच सांगितलं की तू हे बोललीस ते फार बरं झालं, मी रस्त्यात आहे, मी पोचेपर्यंत हे दोघं तुझ्याजवळून हलणार नाहीत. रशीदभाईंना सांगितलं, घरात धोक्याचं जे काही असेल ते उचलून तुमच्या दुकानात कुलपात ठेवा. तालुक्याच्या डॉक्टरांना फोन केला, प्रकाशला केला. आम्ही पोचलो तेव्हा रशीदभाईंची बायको तिच्या केसांना तेल लावत बसली होती, आणि रशीदभाई दारात पाठ करून बसले होते, कोणी आत येऊ नये म्हणून. सुनंदानं माझ्याकडे पाहिलं नाही. मी जाऊन तिच्या बाजूला बसले.

दहा दिवस ती दवाखान्यात होती. गावात प्रकाशनं सांगितलं, बीपी कमी झाला. मी त्याला खोटं पाडलं नाही. गोळ्या सुरू झाल्या. त्यांचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतात हे मी तिला आधीच सांगून ठेवलं, नाहीतर माणूस पाचव्या दिवशी म्हणतो की आपल्याला औषधही लागू होत नाही. दर बुधवारी ती माझ्याकडे येऊ लागली, या वेळी पेशंट म्हणून. पहिले तीन बुधवार आम्ही जेमतेम वीस वाक्यं बोललो असू. मी तिला बारीक बारीक कामं दिली, दहाच्या आत अंघोळ आणि वेणी, मग चक्कीच्या ओट्यावर अर्धा तास बसायचं. रविवारी विहारात जायचं, म्हणायला जमलं नाही तरी चालेल, मागं बसून राहायचं.

चौथ्या बुधवारी रंजनाचं नाव निघालं.

"मी कागदावर नुसत्या टिकल्या मारल्या, मॅडम. माह्यानं पोरगी मेली."

हेच ते वाक्य. सहा महिने तिला तिच्याच आवाजात खात होतं. मी ते टेबलावर घेतलं. त्या दिवशी खोलीत कोण कोण होतं, तू काय विचारलंस, ती काय म्हणाली, सगळं एकेक करून तिच्याकडून वदवून घेतलं. मग मी ड्रॉवरमधून तिचा तो कागद काढला, माझ्या सहीचा, आणि तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, तू त्या दिवशी गेली असतीस, तर तुला मी मारलं असतं का?

"तुमची गोष्ट अलग आहे जी."

"कशी?"

"तुमाले मालूम नव्हतं."

"अन् तुला मालूम होतं?"

एखाद्या सिनेमात ती इथं रडून मोकळी झाली असती आणि मी विजयी मुद्रेनं चष्मा पुसला असता. खरी सुनंदा पुढच्या बुधवारी आली आणि म्हणाली की डोक्याले पटते मॅडम, जीव मानत नाही. असंच होतं. डोक्याला पटवणं हे अर्धंच काम असतं.

उरलेलं अर्धं काय होतं ते तिनं त्याच दिवशी कबूल केलं. रंजनाच्या माहेरच्या गल्लीत ती तेव्हापासून गेलीच नव्हती. पलीकडच्या वस्तीत जायचं तर मोठा वळसा घालायची. आणि त्या गल्लीतल्या घरांच्या भेटी वहीत ‘झाली’ म्हणून लिहायची. सांगताना शरमेनं तिची मान वर होत नव्हती. मीही तिला ‘जाऊ दे’ म्हटलं नाही, कारण ती गोष्ट जाऊ देण्यासारखी नव्हती. माणूस ज्या गल्लीला भितो ती गल्ली टाळली की भीती मोठी होत जाते. तेव्हा आता चालायचं ठरलं. एका आठवड्यात गल्लीच्या तोंडाशी असलेल्या हापशीपर्यंत, पुढच्या आठवड्यात तिसऱ्या घरापर्यंत. तिसऱ्या घरापाशी तिला दरदरून घाम फुटला, तरी ती पळाली नाही, घाम वाळेपर्यंत तिथंच उभी राहिली, असं प्रकाशनं सांगितलं.

शेवटच्या घराच्या दिवशी मी सोबत गेले. गयाबाई, रंजनाची आई, काय बोलेल याचा मी रस्ताभर अंदाज बांधत होते. शिव्या देईल, दार लावून घेईल, पोरीच्या नावानं हंबरडा फोडेल. प्रत्येकाला काय उत्तर द्यायचं ते मी मनात जुळवून ठेवलं होतं, कारण इथं वाकडं काही झालं तर दोन महिन्यांचं सगळं काम पाण्यात जाणार होतं, आणि काम म्हणजे सुनंदा. गल्लीत शिरताना तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की चार दिवस वळ होता.

गयाबाई ओट्यावर बसून नातीला मांडीवर घेऊन वरण-भात चारत होती. पोरगी नऊ महिन्यांची झाली होती. गयाबाईनं वर पाहिलं, हातातला घास तसाच राहिला. सुनंदाचे पाय तिथंच थांबले.

"काहून वं सुनंदा," गयाबाई म्हणाली. "माही पोरगी गेली, तं तू बी येनं सोडलं? हिचे लसीचे दोन डोस राह्यले. मी रोज रस्ता पाहतो तुहा."

माझ्याजवळ जुळवून आणलेलं एकही उत्तर याला लागू पडत नव्हतं. सुनंदाच्या तोंडून आवाज फुटला तो रडण्याचाच, इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा ऐकलेला. गयाबाईनं तिला ‘गप्प हो’ असं काही म्हटलं नाही. ओट्यावर थोडी सरकली, जागा केली आणि म्हणाली, "धर हिले, मी कार्ड आनतो."

लेकरू सुनंदाच्या मांडीवर ठेवून ती आत गेली. पोरीनं वरणाचा हात सुनंदाच्या पदराला पुसला, मग गालाला. सुनंदा रडता रडता तिचं तोंड पुसत होती. एक कार्ड शोधायला किती वेळ लागतो? गयाबाई लवकर बाहेर आलीच नाही. मला वाटतं, मुद्दामच आली नाही. मी भिंतीला टेकून उभी राहिले, आणि सुनंदा त्या पोरीला हळूहळू सांगत होती, "बुधवारी नेतो तुले. मीच नेतो."